उगाळलेले जायफळ आणि उडालेली झोप

दुपारी दोन ते साडेतीन या वेळात दर्पण कॉलनीतील आमच्या घरी गाण्याचा एक वर्ग भरतो. मुलामुलींचे वर्ग संध्याकाळी. हा दुपारचा वर्ग गृहिणींचा. बहुतेक जणी चाळीस ते पंचावन्न या वयाच्या. कोणाचे माहेर लष्करातल्या दौलतगंजातले, कोणाचे सासर जिन्सीतल्या जुन्या वाड्यातले. वाटण्या झाल्या, वाडे पडले आणि मंडळी ठाटीपूरच्या बाजूला राहावयास आली. लहानपणी राहून गेलेले गाणे आता तरी शिकावे, या हौसेने त्या येतात आणि मनापासून शिकतात.

गेल्या चैत्रातली गोष्ट. भीमपलासीचा विलंबित ख्याल चालू होता. तानपुरा ज्या बाईंच्या हाती होता त्यांची बोटे हळूहळू मंदावली आणि मग थांबली. मी मान वर करून पाहिले, तो बाईंचे डोके तानपुऱ्याच्या दांडीला टेकलेले आणि बाई गाढ झोपेत. मी खुणेनेच बाकीच्यांना थांबविले. तानपुरा अलगद काढून घेतला, एकीने पाठीशी तक्क्या सरकवला आणि आम्ही चाळीस मिनिटे गप्प बसून राहिलो. जाग आल्यावर बाई इतक्या ओशाळल्या की जणू काही चोरीच केली. म्हणाल्या, "गुरुजी, रात्री झोप येत नाही हो. तीन वाजले की डोळे टक्क उघडे. अंगातून वाफा निघतात. दोन वर्षे होत आली."

या बोलण्यावर कोणीही हसले नाही, हे मला विशेष वाटले. उलट शेजारची म्हणाली, "माझे तीन नाही, दोनच वाजतात." मग एकेकीने आपापला वाजण्याचा आकडा सांगितला. नऊ जणींच्या त्या वर्गात रात्रभर स्वस्थ झोपणाऱ्या दोघीच निघाल्या.

लगेच उपाय सांगण्याची चढाओढ सुरू झाली. दुधात उगाळलेले जायफळ, खसखशीची खीर, शतावरी कल्प, अश्वगंधेचे चूर्ण, टाळूवर ब्राह्मीचे तेल, तळपायांना तूप लावून काशाची वाटी, आणि शेवटी, मोबाईलवर अमुक एक राग लावून निजणे. पाहता पाहता सात औषधे निघाली. सातही पूर्वीच करून झालेली होती. शेवटच्या उपायापाशी सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण तो माझ्या खात्यातला. मला काही उत्तर सुचले नाही.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी आमच्या सौभाग्यवतींना विचारले, "तुला रात्री झोप लागते ना ग?" सेहेचाळिशीतल्या माणसाला नवऱ्याने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. त्या म्हणाल्या, "आज कशी आठवण झाली?" मग कळले की दीड वर्ष हे चाललेले आहे. मी हातभर अंतरावर घोरत होतो आणि मला पत्ता नव्हता.

संस्कृतीच्या पानावर एका गवयाने हा विषय काढावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. काहींना तो बायकांनी आपसात बोलावयाचा विषय वाटेल. तो तसा आपसातच राहिला म्हणूनच सातही उपाय फसले, असे माझे मत झाले आहे. घरातल्या मंडळींनी रात्र कशी घालवावी, कोणी कोणासाठी उठावे आणि कोणी निजून राहावे, हीही त्या घराची संस्कृतीच होय.

प्रथम हे होते तरी काय, ते पाहू. पाळी जाणे ही एका दिवसाची घटना नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे वैद्यकात धरतात. पाश्चात्य देशांत याचे सरासरी वय एक्कावन्नच्या आसपास, तर आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीस. सुश्रुतानेही पन्नाशीची मर्यादा सांगितलेली आहे. पण त्याआधीची चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही जास्त, शरीर या बदलाची तयारी करीत असते. या काळात बीजकोशांतून स्रवणारी प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन संप्रेरके एका पातळीत राहत नाहीत. प्रोजेस्टेरॉनचा गुण शामक, झोपेला अनुकूल. ते आधी उणावते. इस्ट्रोजेनचा संबंध मेंदूतील उष्णता सांभाळणाऱ्या केंद्राशी असतो. ते वरखाली होऊ लागले की हे केंद्र हळवे होते. जराशा उबेने त्याला वाटते, अंग फार तापले. आणि ते रक्त त्वचेकडे धाडते, घाम सोडते. काही मिनिटांत सारे निवते, पण तोवर झोप मोडलेली असते. या वयातल्या दर दहा स्त्रियांत चार ते सहा जणी झोपेची तक्रार सांगतात, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. तेव्हा हा कोणा एकीचा हळवेपणा नव्हे आणि नाटक तर नव्हेच.

आता आपल्या घरगुती उपायांकडे वळू. ते सगळे टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. आणि 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, असेही म्हणणार नाही. जायफळाचेच पाहा. पुरणपोळीवर आडवे झालेल्या मराठी माणसाला त्याच्या गुणाबद्दल शंका नसते, पण त्यात जायफळाचा वाटा किती आणि पोळ्यांवरच्या तुपाचा किती, हे कोणी मोजलेले नाही. सहाणेवर दोन वळसे उगाळून दुधात घेतल्यास अपाय नाही. मात्र चिमटीने काम झाले नाही म्हणून चमचाभर पूड घेणे हे विष घेण्यासारखे आहे. धडधड, मळमळ, भ्रम, सारे होते. खसखस पौष्टिक खरी. ज्या झाडाची अफू त्याच झाडाची ती, म्हणून लोकांचा तिच्यावर जास्त विश्वास. परंतु स्वयंपाकातल्या खसखशीत अफूचा अंश नाममात्र असतो. खीर गोड लागते, एवढे खरे.

अश्वगंधेचे तसे नाही. नीमच-मंदसौरकडच्या शेतांत तिचे मोठे पीक निघते. म्हणजे आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्याच मुलखातले हे मूळ. आपल्या देशात झालेल्या काही लहान प्रयोगांत तिने झोप थोडी सुधारल्याचे दिसले आहे. पण ते प्रयोग काही आठवड्यांचे. वर्षानुवर्षे घेण्याचा आधार त्यांतून मिळत नाही. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे देशोदेशीच्या डॉक्टरांनी नोंदविली आहेत, गलग्रंथीच्या म्हणजे थायरॉइडच्या कामातही ती ढवळाढवळ करू शकते, आणि डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. तेव्हा थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने शेजारणीच्या सांगण्यावरून चूर्ण सुरू करणे बरे नव्हे. ज्यांना आयुर्वेदाचे औषध घ्यावयाचे असेल त्यांनी वैद्याला नाडी दाखवून घ्यावे. दुकानदाराला विचारून नव्हे.

काशाची वाटी मात्र मला पसंत आहे. तिच्यामागे प्रयोगांचे मोठे पाठबळ नाही. पण कोमट पाण्याचा उपाय तिच्याच जातीचा आहे आणि त्याची तपासणी झाली आहे. निजण्याच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटे ऊन पाण्याने स्नान केले, तर झोप लवकर लागते, असे २०१९ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून सांगितले गेले. कारण साधे आहे: हातापायांच्या त्वचेत रक्त येते, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर निवू लागले की झोप येते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, पाणी अर्थातच नुसते कोमट पुरे. आणि काशाच्या वाटीचा आणखी एक गुण असा की ती स्वतःची स्वतःला नीट घासता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी पंधरा मिनिटे तिच्या पायाशी बसावे लागते. आमच्या घरांत सासूच्या पायांना सुनेने वाटी घासल्याचे मी पुष्कळ पाहिले आहे. नवऱ्याने बायकोच्या पायांना घासल्याचे पाहिलेले नाही.

आता माझ्या खात्याकडे येतो. आमच्या शहराला २०२३ साली युनेस्कोने संगीतनगरीचा मान दिला. तेव्हापासून 'झोपेसाठी कोणता राग?' ही विचारणा मला वरचेवर होते. ग्वाल्हेरकरांना या बाबतीत एक आवडती कथाही आहे. विष्णू दिगंबरांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ साली युरोपात गेले असता निद्रानाशाने त्रासलेल्या मुसोलिनीला त्यांनी पूरिया ऐकवून निजविले, असे सांगतात. विष्णू दिगंबर म्हणजे ग्वाल्हेरच्या गायकीचे. म्हणून ती कथा आम्ही अभिमानाने सांगतो. ती खरी असो वा नसो, मला तिच्यात दिसते ते एवढेच की त्या माणसाच्या झोपेसाठी सारा वाडा चिडीचूप बसला असला पाहिजे. पहाटे उठून डबा भरण्याची काळजी काही त्याच्या उशाशी नव्हती.

खरे सांगावयाचे तर कोणताही राग म्हणजे झोपेची गोळी नव्हे. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने तेरा प्रयोगांचा आढावा घेतला. निजण्यापूर्वी रोज संगीत ऐकणाऱ्या, झोप नीट न लागणाऱ्या लोकांनी आपली झोप सुधारल्याचे सांगितले, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यावरून कोणताही एक राग वा ताल औषध ठरत नाही. संथ, ओळखीचे, आपल्या आवडीचे संगीत मंद आवाजात ऐकावे, एवढाच त्याचा सारांश. ते मोबाईलवर लावले तर पडदा विझवून, आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असे लावावे. दरबारी कानडा ऐकत असता मध्येच जाहिरात कडाडली, तर मुसोलिनी काय, कुंभकर्णही जागा होईल.

माझे वडील १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, दरबारच्या गवयांत दाखल झाले. दोनच वर्षांत संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पण दरबारची शिस्त त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिली. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांनी मला रागांच्या वेळा पाठ करविल्या. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. बिहाग कधी, मालकंस कधी, रात्र सरत आली की ललत आणि उजाडताना भैरव. हे सारे मी तीस वर्षे शिकवीत आलो. पण दीड वर्ष माझ्याच घरात एक माणूस मालकंसाच्या वेळी कूस बदलत होते, ललताच्या वेळी छताकडे पाहत होते आणि भैरवाच्या वेळी उठून माझ्या रियाजापूर्वीचा चहा ठेवत होते, हे मला ठाऊक नव्हते. वेळेचे ज्ञान म्हणतात ते हेच असेल, तर त्याचा अभिमान किती बाळगावा?

ज्या रात्री मला हे कळले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी काय केले असेल? जायफळ उगाळले. महिनाभर, नियमाने, स्वतःच्या हाताने. मला वाटे, मी मोठाच संसारी झालो. झोप काही आली नाही. शेवटी आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध वैद्यांकडे गेलो. त्यांनी चरकसंहिता काढून सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय पुढे ठेवला. झोप उडालेल्यासाठी तिथे एक यादीच आहे. अभ्यंग, उटणे, स्नान, मांसरस, दह्याशी साळीचा भात, दूध, तूप, मद्य, मनाचे सुख, आवडते गंध आणि आवडते शब्द, अंग चेपणे, डोळ्यांना तर्पण, डोक्याला व तोंडाला लेप, आणि शेवटी नीट अंथरलेली शय्या, सुखाचे घर आणि योग्य वेळ. वैद्यबुवा म्हणाले, "लोक या यादीतून दूध तेवढे उचलतात, कारण ते बाजारात मिळते. तुम्ही शेवटून वाचायला सुरुवात करा."

मला सांगावयाची गोष्ट ती हीच. शय्या, घर आणि वेळ या तीन वस्तू कोणत्याही दुकानात नाहीत आणि त्या बाईला एकटीच्या बळावर मिळवता येत नाहीत. त्या घराने द्यावयाच्या असतात.

शय्या घ्या. अंगातून वाफा निघणाऱ्या माणसाला आणि थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला आपण जन्मभर एकाच रजईत निजवतो. आमच्याकडे जानेवारीत कडाका असतो. ती रजई फेकते, मी ओढतो, दोघेही जागे. दोन वेगळ्या रजया, सुती चादर, पंखा वा कूलर तिच्या अंगावर येईल अशी तिची बाजू आणि उशाशी पाण्याचा तांब्या, याला खर्च असा काहीच येत नाही. पूर्वी उन्हाळ्यात सगळी मंडळी गच्चीवर निजत आणि उत्तररात्रीचा गारवा मिळे. आता बंद खोलीत निजतो, तर निदान खिडकीचा तिचा हट्ट तरी पुरवावा.

वेळ घ्या. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली गोळी सांगितली नाही. सवयी आणि विचार यांना वळण लावणारी एक उपचारपद्धती सांगितली. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, पाळी जाण्याच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या, वाफांचा त्रास असलेल्या स्त्रियांना ती पद्धती नुसती टेलिफोनवरून शिकविली. आठ आठवड्यांत सहा वेळा बोलणे झाले आणि त्यांची झोप सुधारली. ही पद्धती गवयाला चटकन समजते, कारण ती रियाजासारखी आहे. झोप कशीही झाली तरी रोज उठण्याची वेळ एकच ठेवावी. डोळे जडावल्याशिवाय अंथरुणावर पडू नये. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे मंद उजेडात स्वस्थ बसावे आणि झापड आली की परत यावे. अंथरुणात काळज्या, हिशेब आणि मोबाईल नेऊ नयेत. दुपारची डुलकी थोडकी असावी. चहा चार वाजेपर्यंतच. त्याचा अंमल पाच-सहा तासांनी जेमतेम अर्धा उतरतो आणि आपल्याकडे पाहुण्याला रात्री आठलाही चहा विचारतात. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, चालावे. अंथरुणावरचा वेळ नेमका किती ठेवावा, हे मात्र जाणत्याला विचारून ठरवावे.

पण हे वाचून कोणी हा सात कलमी कागद आपल्या बायकोच्या हाती देईल आणि आपले कर्तव्य झाले असे मानील, तर ते व्यर्थ होय. जिला अकरा वाजता जेवणाची भांडी आवरावयाची आहेत आणि पाचला पुन्हा उभे राहावयाचे आहे, तिने वेळ पाळावी ती कोणती? सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर पाहणीत, घरची बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवितात आणि पुरुष ८८, असे आढळले. लवकर निजावे, लवकर उठावे असे आपण मुलांना शिकवतो. त्या उपदेशाचा उत्तरार्धच तेवढा घरच्या बाईच्या वाट्याला आलेला आहे.

आमच्या घरातली गोष्ट उघड करून सांगतो. माझी आई पंच्याऐंशीची. रात्री दोन-तीनदा तिला उठावे लागते आणि ती सुनेला हाक मारते. सून जागीच असते, असे आम्ही सगळे म्हणत होतो. जागी असते म्हणून हाक मारायची आणि हाक येणार म्हणून जागी राहायची. या वर्तुळाला कोणतेही जायफळ पुरे पडले नसते. आता रात्रीची घंटा माझ्या उशाशी आहे. आठवड्यातले पाच दिवस मी उठतो, दोन दिवस मुलगा. आईच्या पलंगाजवळ भांड्याची खुर्ची ठेवली आहे. रियाजापूर्वीचा चहा मी माझा करून घेतो. तो बिघडतो, पण गळा बिघडत नाही.

आई आधी नाराज झाली. "घरात सून असताना मुलाने उठायचं?" मी तिला कारण सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, "मलाही होत असे ते. दौलतगंजातल्या वाड्यात. तुझे वडील बैठकीवरून यायचे ते झोपायचे. दिवा लावला तर कोणाची झोप मोडेल म्हणून मी चौकात चांदण्यात बसून तांदूळ निवडायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची." मी विचारले, "कोणाला बोलली नाहीस?" म्हणाली, "कोण विचारीत होतं?"

'आमच्या आज्यांना, आयांना असले काही होत नव्हते' असे म्हणणाऱ्यांस माझे एवढेच उत्तर आहे. त्यांना होत होते. निवडलेले तांदूळ आपण खाल्ले.

एक गोष्ट मात्र घराच्याही हातातली नाही, ती डॉक्टरांची. चरकाची यादी शेवटून वाचल्यानंतरही सौभाग्यवतींची झोप अर्धीच परतली. तेव्हा एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी प्रश्न विचारले ते आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. पाळी जास्त जाते का? रात्री पायांत काही वळवळते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असे होते का? घोरता का? वजन, थायरॉइड? दोन वर्षे पाळी फार जात होती, हे सौभाग्यवतींनी मलाही सांगितले नव्हते. या वयात असे होतेच, असे त्या समजत होत्या. रक्त तपासले, तो शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. लोह संपले की रात्री पायांना ती अस्वस्थता येऊ शकते. रक्तस्रावाची तपासणी झाली, लोहाचा उपचार झाला आणि तीन-चार महिन्यांत पाय शांत झाले. मी मात्र महिनाभर जायफळ उगाळण्यात घालविला होता. जायफळाने अपाय केला नाही. त्याने उशीर केला. घरगुती उपायांचा मोठा धोका बहुधा हाच असतो.

तसेच घोरण्याचे. घोरणे हे पुरुषांचेच खाते आहे अशी आपली समजूत. पण पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही झोपेत श्वास अडखळण्याचा विकार वाढतो. बाई रात्रभर झोपली असे दिसते आणि सकाळी दमलेलीच उठते. मनाची उदासी, धास्ती हीही पहाटेच्या जागरणातून बोलते. आणि वाफांनीच जीव मेटाकुटीस आला असेल, तर संप्रेरकांच्या उपचाराविषयी डॉक्टरांना विचारण्यास भिऊ नये. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याची जगभर धास्ती बसली. पुढे फेरविचारात असे ठरले की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्रास फार असेल, तर बहुधा फायदाच जास्त. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गाठी झालेल्यांची गोष्ट निराळी. ते ठरविणे गवयाचे काम नव्हे आणि शेजारणीचेही नव्हे.

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी दोनशे वर्षांत पुष्कळ जपले. गौरी-गणपती जपले, पुरणपोळी जपली, बोलीतले मराठी जपले, गाणे तर जपलेच. या जपणुकीतला मोठा वाटा घरातल्या बायकांनी भल्या पहाटे उठून उचलला आहे, हे आपण भाषणांत सांगतोही. माझे म्हणणे इतकेच की त्यांच्या पंचेचाळीस ते पंचावन्न या दहा वर्षांत एकदा तरी कोणी त्यांना विचारावे, "रात्री झोप लागते का?" आणि उत्तर आल्यावर ताबडतोब जायफळ शोधू नये. आधी रात्रीची हाक कोणाला जाते, पहाटेचा गजर कोणाच्या उशाशी आहे आणि रजई किती जणांत आहे, एवढे पाहावे. मग डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर खुशाल जायफळ उगाळावे. दुधाला वास चांगला येतो.

आमच्या दुपारच्या वर्गाला मी आता एक नियम केला आहे. कोणाचा डोळा लागला तर तिला उठवावयाचे नाही. नियमाचा उपयोग महिन्यातून एक-दोनदा होतो. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी झाला असता, असे त्याच सांगतात. तानपुऱ्यावर डोके टेकून झोपलेल्या बाईंच्या घरी आता पहाटेचा डबा त्यांचे यजमान भरतात म्हणे. पोळ्या जाड होतात, अशी मुलांची तक्रार आहे. ती तक्रार बाईंनी आम्हाला हसत हसत सांगितली. अडीच वाजले होते आणि त्या पूर्ण जाग्या होत्या.